पहिली भेट आणि उगवती रास

मराठी माणसाला रास विचारली की तो चंद्ररास सांगतो. बारशाला नावाचं आद्याक्षर चंद्राच्या नक्षत्रचरणावरून काढलेलं असतं, साडेसाती त्याच राशीपासून मोजतात, पत्रिका जुळवताना छत्तीस गुणांचा हिशेबही वधूवरांच्या चंद्रनक्षत्रांवर चालतो. इंग्रजी मासिकांमुळे जन्मतारखेवरून ठरणारी सूर्यरासही आता घरोघर पोचली आहे. लग्नरास मात्र सहसा कोणाला तोंडपाठ नसते. ती विचारली की कपाटातली पत्रिका काढावी लागते, आणि पत्रिका हरवली असेल तर आईला किंवा मावशीला फोन लावून जन्मवेळ विचारावी लागते. वास्तविक पत्रिकेतलं पहिलं घर लग्नाचं. बाकीची अकरा घरं तिथून मोजायची. ज्या मंगळापायी कितीतरी स्थळं आल्या पावली परत जातात, तो मंगळसुद्धा लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात पडतो का, हेच पाहिलं जातं. सगळी मांडणी लग्नावर उभी असते आणि चर्चा मात्र त्याचीच सर्वांत कमी होते.

हे पुस्तक लग्नराशीच्या एकाच अंगाविषयी आहे: माणूस पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो कसा दिसतो, कसा उभा राहतो, कसा बोलायला लागतो, आणि त्यावरून आपण त्याच्याविषयी काय ठरवून टाकतो. लेखिका वर्षानुवर्षं पत्रिका पाहत आल्या आहेत. फलज्योतिषावर माझा विश्वास नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी प्रस्तावना त्यांनी माझ्याकडेच मागितली. हस्तलिखित वाचून झाल्यावर मी आनंदाने होकार दिला. जन्मवेळी पूर्वेला कोणती रास होती यावरून माणसाचा स्वभाव घडतो, हे मला आजही मान्य नाही. पण माणसं निरखायची जी सवय या परंपरेने पिढ्यानपिढ्या जपली, ती फार मोलाची आहे आणि ती या पुस्तकात पानोपानी दिसते. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं, आणि ते कसं, हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आधी आकाशातली गोष्ट. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून एका अहोरात्रात अख्खं राशिचक्र पूर्व क्षितिजावरून वर येतं. जन्माच्या क्षणी क्रांतिवृत्ताचा जो बिंदू पूर्वेला उगवत असतो तो लग्नबिंदू, आणि तो ज्या राशीत असेल ती लग्नरास. सूर्य एका राशीत महिनाभर असतो, चंद्र साधारण सव्वादोन दिवस, तर लग्न सरासरी दोन तासांत बदलतं. एक अंश सरकायला सरासरी चार मिनिटं लागतात. एकाच प्रसूतिगृहात एका दिवसात जन्मलेल्या बाळांची सूर्यरास बहुतेक एकच असते, चंद्ररासही बऱ्याचदा एकच, लग्नं मात्र वेगवेगळी निघतात. पत्रिकेत खास आपलं असं काही असेल तर ते लग्न, ही ज्योतिषांची धारणा यातूनच आली.

याचा एक सुंदर पडताळा आहे. तो प्रत्येक वाचकाने आपल्या पत्रिकेवर करून पाहावा, त्यासाठी ज्योतिषावर विश्वास असण्याची गरज नाही. आपल्याकडच्या चौकटीत वरचं मधलं घर पहिलं. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं आणि रवी कितव्या घरात आहे ते पाहायचं. जन्म सूर्योदयाचा असेल तर रवी पहिल्या घरात किंवा त्याला लागून असतो. भर दुपारचा असेल तर दहाव्याच्या आसपास, सूर्यास्ताचा असेल तर सातव्याच्या, मध्यरात्रीचा असेल तर चौथ्याच्या. दुपारी बाराचा जन्म सांगितला आणि रवी चौथ्या घरात दिसला, तर कोणीतरी दुपार आणि मध्यरात्र यांची गल्लत केली आहे हे उघड आहे. चांगला ज्योतिषी पत्रिका हातात आली की तोंड उघडण्याआधी हे पाहून घेतो. ही शुद्ध भूमिती आहे, आणि ती दर वेळी बरोबर येते.

सगळी लग्नं सारखा वेळ क्षितिजावर राहत नाहीत, हेही फार थोड्यांना माहीत असतं. क्रांतिवृत्त क्षितिजाशी कधी जास्त तिरकं असतं, कधी कमी. महाराष्ट्राच्या अक्षांशावर मीन लग्न दीड तासापेक्षा थोडं जास्त टिकतं, वृश्चिक लग्न सव्वादोन तासांच्या जवळपास. साहजिकच आपल्याकडे वृश्चिक लग्नाची माणसं मीन लग्नापेक्षा जास्त जन्मतात. उत्तरेकडे जावं तसा हा फरक वाढत जातो. लंडनला मीन लग्न तासाभराच्या आत आटोपतं आणि कन्या लग्न पावणेतीन तासांहून अधिक चालतं. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या मुलाची पत्रिका पुण्याच्या लग्नसारणीवरून मांडली, तर पहिलं घरच चुकतं आणि मग पुढचं सगळंच चुकतं.

आता या उगवत्या राशीचा चेहऱ्याशी संबंध कसा जोडला गेला? पत्रिकेतल्या पहिल्या घराचं नाव तनुस्थान. शरीर, बांधा, वर्ण, मस्तक, चेहरा आणि त्याबरोबर स्वभावाची ठेवण, एवढं सगळं या घराकडे आहे. शिवाय बारा राशी मिळून एक कालपुरुष कल्पिलेला आहे: मेष त्याचं डोकं, वृषभ चेहरा, तिथून एकेक अवयव घेत खाली मीनेपर्यंत, म्हणजे पावलांपर्यंत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने तर 'बृहज्जातका'त आणखी बारीक काम केलं. लग्नात जो नवमांश उदित असेल त्याच्या स्वामीसारखा जातकाचा देह असतो, असं तो सांगतो. नवमांश म्हणजे राशीचा नववा भाग, तीन अंश वीस कला. वेळेत मोजला तर सरासरी तेरा मिनिटं. जुळ्या भावंडांचे चेहरे आणि स्वभाव वेगळे का, या प्रश्नावर ज्योतिषी आजही हे नवमांशाचं उत्तर देतात. पाच मिनिटांच्या अंतराने जन्मलेल्या जुळ्यांचा नवमांशही बहुधा एकच असतो, आणि तिथे हे उत्तर संपतं.

हा विचार एकट्या भारताचाही नाही. जन्मवेळी उगवणाऱ्या राशीला सर्वांत वर बसवण्याची पद्धत ग्रीक ज्योतिषात होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाराबरोबर आणि वस्त्यांबरोबर ती इकडे आली. 'यवनजातक' हा संस्कृत ग्रंथ त्याची साक्ष आहे, आणि वराहमिहिराने यवनांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं आहे. इतक्या दूरच्या दोन संस्कृतींना ही कल्पना का पटली असेल? मला वाटतं, माणसाचं दिसणं आणि माणसाचं असणं यांत अंतर असतं, हा अनुभव सगळीकडे सारखाच आहे, आणि त्या अंतराला नाव देण्याची गरजही सारखीच. एकाच माणसाबद्दल शेजारी म्हणतात शिष्ट, बायको म्हणते हळवा, आणि दोघंही खरं बोलत असतात. जातकशास्त्राने या दोन खऱ्यांना दोन जागा दिल्या. जुन्या वाड्यात पाहुण्याला ओटीवर बसवत आणि घरचं सुखदुःख माजघरात चाले; लग्न ही ओटी, चंद्र हे माजघर. स्वभावाला एकच नाव देणाऱ्या सूर्यराशीच्या पद्धतीपेक्षा मला ही मांडणी कितीतरी अधिक प्रगल्भ वाटते.

या पुस्तकाची खरी श्रीमंती त्या ओटीवरच्या निरीक्षणांत आहे. ग्रंथांतली लग्नफलं ठोकळेबाज असतात: अमुक लग्नाचा मनुष्य उंच, तमुक लग्नाचा रागीट. लेखिकेने ते ठोकळे बाजूला ठेवून माणसं पहिल्या पाच मिनिटांत काय करतात ते टिपलं आहे. कर्क लग्नाचा पाहुणा घरात आला की आधी दारात रेंगाळणाऱ्या लहान मुलाशी बोलतो, मग यजमानांशी. कन्या लग्नाची बाई बसता बसता भिंतीवरची तिरकी झालेली तसबीर पाहते. काही म्हणत नाही, पण तिची नजर दोनतीनदा तिकडे जाते आणि यजमानीणबाईंच्या ते लक्षात येतं. इथेच पहिली छाप पडून जाते: ही बाई खोड काढणारी. प्रत्यक्षात ती निघताना हळूच तसबीर सरळ करून जाते आणि कोणाला सांगतही नाही. वृश्चिक लग्नावरचं प्रकरण मला सर्वांत आवडलं. प्रश्न विचारल्यावर ही मंडळी उत्तराआधी विचारणाऱ्याकडे क्षणभर पाहतात. तो क्षण समोरच्याला जड जातो. 'काहीतरी लपवतोय' असा शिक्का बसतो तो त्या एका क्षणामुळे, पुढे आलेल्या सरळसाध्या उत्तरामुळे नाही.

तूळ लग्नाची माणसं समोरच्याच्या पट्टीत आपला आवाज लावतात, म्हणून पहिल्या भेटीत सगळ्यांनाच आपली वाटतात. आणि तिसऱ्या भेटीत 'यांचं स्वतःचं मत काय?' अशी तक्रार सुरू होते. मकर लग्नाबद्दल परंपरा म्हणते की ही मुलं लहानपणी पोक्त दिसतात आणि वय वाढतं तशी तरुण होत जातात. लेखिकेने मकर लग्न आणि कर्केचा चंद्र अशा एका जोडणीचं चित्र काढलं आहे. पहिल्या भेटीत तीन शब्दांत उत्तर देणारा, हातातली पिशवीही खाली न ठेवणारा गृहस्थ रात्री उशिरा फोन करून विचारतो, 'नीट पोचलात ना?' हे चित्र वाचताना तुमच्या ओळखीचं कोणी ना कोणी डोळ्यांपुढे येईलच. मिथुन आणि कुंभ लग्नांची प्रकरणं त्या मानाने फिकी झाली आहेत. बोलकेपणा आणि वेगळेपणा याच दोन गोष्टी तिथे फिरून फिरून येतात.

अशी चित्रं पटतात, आणि पटतात म्हणूनच जपायला हवं. इतिहासातलं एक उदाहरण घेतो. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद महाराष्ट्रात दीर्घकाळ चालला. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ ही तिथी रूढ होती. पुढे जेधे शकावली आणि जोधपूरला सापडलेली पत्रिका यांच्या आधारे फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी बहुतेक इतिहासकारांनी मान्य केली. ती पत्रिका सूर्यास्ताच्या सुमाराची आहे आणि तिचं लग्न सिंह. वर सांगितलेला पडताळा इथे लावून पाहा. त्या दिवशी रवी कुंभेत होता. सूर्यास्ताला रवी सातव्या घरात हवा. कुंभ सातवी येण्यासाठी पहिली रास सिंहच लागते. पत्रिका गणिताला उतरते, आणि तिथीचा निर्णय करताना अशा सुसंगतीला वजन असतं. इतिहासकाराला लग्नाचा उपयोग होतो तो असा.

स्वभावाच्या बाजूने पाहू. १६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी तिथल्या इंग्रज वखारीत एस्कॅलियट नावाचा पाद्री होता. त्याने नॉर्विचच्या सर टॉमस ब्राऊनला पाठवलेल्या पत्रात, प्रत्यक्ष पाहिलेल्यांकडून ऐकून, महाराजांचं वर्णन केलं आहे: उंची फार नाही, पण अंगलट ताठ आणि प्रमाणबद्ध; बोलताना हसल्यासारखे वाटतात; नजर चपळ आणि भेदक. सिंह लग्न मानणारा वाचक यातला ताठपणा उचलेल आणि म्हणेल, पाहा, लग्न बोललं. पण हेच वर्णन तूळ लग्नाच्या माणसाचं म्हणून दिलं असतं तर त्याने हसू उचललं असतं, आणि वृश्चिक म्हणून दिलं असतं तर भेदक नजर. माणूस आधी ठाऊक असतो आणि राशीचा शब्द मागून येऊन त्याच्यावर बसतो. या पुस्तकातलं कुठलंही चित्र वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं, अगदी ते चित्र फारच हुबेहूब उतरलेलं असलं तरी, किंबहुना तेव्हाच जास्त.

राशी आणि स्वभाव यांचा संबंध तपासायचे प्रयत्न झाले आहेत, आणि त्यांतला एक आपल्या घरचा आहे. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे मुलांच्या जन्मपत्रिका जमवल्या. शंभर शाळेतल्या हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवल्या आणि कोणती कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगलं उत्तर चाळीसपैकी चोवीस बरोबर असं होतं, आणि सगळ्यांची सरासरी वीसच्याही खाली राहिली. नुसतं नाणं उडवलं असतं तरी वीसच्या आसपास बरोबर आली असती. हे निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी केलेली चाचणी १९८५ साली 'नेचर'मध्ये आली. तिथे ज्योतिषांना एका पत्रिकेसाठी तीन व्यक्तिमत्त्व-अहवालांतून योग्य तो निवडायचा होता. त्यांचं यश तीनात एक याच्या पुढे गेलं नाही. या दोन्ही ठिकाणी अख्खी पत्रिका ज्योतिषांसमोर होती, लग्नासकट.

मग वर्णनं इतकी पटतात कशी? मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांना, प्रत्येकासाठी खास म्हणून, एक स्वभाववर्णन दिलं आणि ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी चारच्या वर आली. वर्णन सगळ्यांना अक्षरशः एकच दिलेलं होतं, आणि त्यातली बरीचशी वाक्यं भविष्याच्या एका पुस्तकातून घेतलेली होती. हा निबंध १९४९ चा. पुढे १९७८ मध्ये मेयो, व्हाइट आणि आयझेंक यांच्या अभ्यासात सूर्यराशीप्रमाणे लोकांचा बहिर्मुखपणा कमीजास्त होताना दिसला आणि ज्योतिषजगतात आनंद झाला. नंतरच्या तपासणीत हा फरक मुख्यतः ज्यांना आपल्या राशीचं वर्णन माहीत होतं त्यांच्यातच आढळला. माझ्या दृष्टीने हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. रास माणसाला घडवत नाही, पण राशीबद्दल जे सांगितलं जातं त्याप्रमाणे माणूस स्वतःला पाहू लागतो.

आणि इथे आपण पुन्हा पहिल्या भेटीपाशी येतो, कारण आपल्या समाजात एक पहिली भेट अशी आहे की तिच्यात चेहऱ्याआधी पत्रिका पोचते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाआधी स्थळाचा बायोडेटा आलेला असतो. पूर्वी तो पोस्टाने लिफाफ्यातून येई, आता व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते. त्यात उंची, शिक्षण, पगार यांच्या जोडीला जन्मवेळ आणि कुंडलीची चौकट असते. घरातल्या कोणा जाणकाराने चौकटीकडे पाहून एक वाक्य टाकलेलं असतं: 'मुलगी सिंह लग्नाची आहे, ताठ असणार.' मग ती मुलगी आत येते. सरळ पाठीने बसते, जशी कोणीही जरा दडपणाखाली बसेल. पाहणाऱ्यांना ताठा दिसतो. प्रश्न जरा धारदार होतात, उत्तरं तशीच धारदार होतात, आणि परतताना गाडीत सगळ्यांचं एकमत होतं की पत्रिका खोटं बोलत नाही. उगवती रास पहिली छाप खरोखर घडवते, ती अशी. पूर्व क्षितिजाचा यात काही हात नसतो. सगळं काम आधी उच्चारलेल्या त्या एका वाक्याने केलेलं असतं.

प्रयोगांनी हे चांगलं दाखवून दिलं आहे. १९४६ साली सॉलोमन अॅश यांनी एकाच माणसाची विशेषणं दोन क्रमांनी वाचून दाखवली. एका क्रमात सुरुवात हुशार, कष्टाळू अशी होती आणि शेवट हट्टी, मत्सरी असा. दुसऱ्यात नेमका उलटा. शब्द तेच, तरी पहिल्या क्रमातला माणूस ऐकणाऱ्यांना गुणी वाटला आणि दुसऱ्यातला सदोष. २००६ मध्ये विलिस आणि टोडोरोव्ह यांना आढळलं की अनोळखी चेहरा सेकंदाच्या दहाव्या भागाइतका दिसला तरी लोक तो विश्वासू आहे की नाही ठरवून टाकतात, आणि जास्त वेळ दिला तरी मत फारसं बदलत नाही, फक्त त्यावरचा भरवसा वाढतो. १९७७ च्या मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात पुरुषांना फोनवर एका स्त्रीशी बोलायचं होतं. काहींना आकर्षक स्त्रीचं छायाचित्र आधी दाखवलं, काहींना तसं नसलेल्या स्त्रीचं. बोलणारीशी त्या छायाचित्राचा काही संबंध नव्हता. आकर्षक समजून ज्यांच्याशी बोललं गेलं त्या स्त्रियांचं बोलणंही अधिक मोकळं आणि जिव्हाळ्याचं झालं, त्यांना छायाचित्राचा पत्ताही नसताना. कांदेपोह्यांच्या बैठकीत कुंडलीची चौकट त्या छायाचित्राचंच काम करते.

मुलांच्या बाबतीत मला याची अधिक काळजी वाटते. बाराव्या दिवशी मांडलेली पत्रिका आणि तिच्यावरून आजोबांनी काढलेलं एखादं वाक्य मूल घरात वर्षानुवर्षं ऐकत राहतं. 'कन्या लग्न, चिकित्सक आहे हो' हे कौतुकाने म्हटलं जातं, तरी त्या मुलीने केलेली धांदल मग कोणाला दिसत नाही आणि तिच्या शंका तेवढ्या लक्षात राहतात. तिलाही हळूहळू कळतं की आपल्याकडून शंकाच अपेक्षित आहेत. लेखिकेशी मी याबद्दल बोललो. त्यांनी पुस्तकातलं लहान मुलांवरचं प्रकरण काढून टाकलं. या पुस्तकातला सर्वांत धाडसी निर्णय माझ्या मते तो आहे.

एक अडचण शास्त्र मानणाऱ्यांनाही टाळता येत नाही. लग्न मिनिटांवर ठरतं, आणि मिनिटं नेमकी कोणाकडे असतात? १९०६ च्या आरंभी भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईत 'बॉम्बे टाइम' १९५५ च्या सुमारापर्यंत चालू होता, प्रमाणवेळेपेक्षा सुमारे एकोणचाळीस मिनिटं मागे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ देशभरातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. त्या काळात मुंबईत जन्मलेल्या आजीच्या पत्रिकेत नुसतं 'सकाळी ७.२०' असं लिहिलेलं असेल तर ते कोणत्या घड्याळाचं? एकोणचाळीस मिनिटांत लग्न जवळजवळ दहा अंश सरकतं. रास पालटायला तेवढं पुष्कळ वेळा पुरतं.

दुसरा प्रश्न अयनांशाचा, आणि तो महाराष्ट्रात चांगलाच गाजलेला आहे. राशिचक्राचा आरंभ कुठून मानायचा यावर लोकमान्य टिळकांचा कल रेवती पक्षाकडे होता आणि व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा पक्ष मांडला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने जो अयनांश घेतला तो चित्रा पक्षाला धरून आहे, आणि देशात आज बहुतेक पत्रिका त्यावरच मांडल्या जातात. तरी टिळक पंचांग मानणारी घरं आजही आहेत, रत्नागिरीकडे विशेष. दोन्हींत सुमारे चार अंशांचं अंतर पडतं, म्हणजे लग्नाच्या हिशेबात पंधरासोळा मिनिटांचं. पाश्चात्त्य पद्धत तर सायन. तिच्यात आणि आपल्या निरयन पद्धतीत सध्या चोवीस अंशांच्या आसपास फरक आहे, त्यामुळे दर पाचांतल्या चौघांचं लग्न आपल्याकडे एक रास मागे जातं. परदेशी संकेतस्थळावर सिंह लग्न पाहून खूश झालेली मुलगी घरच्या पत्रिकेत कर्क लग्नाची निघते, आणि दोन्ही वर्णनं तिला तेवढीच पटतात. या पुस्तकात सर्वत्र निरयन पद्धत आणि चित्रापक्ष अयनांश वापरला आहे. वाचकांनी आपलं लग्न तपासताना तेवढं सांभाळावं.

मग अशा पुस्तकाचं करायचं काय? माझं सांगणं साधं आहे. यातली बारा प्रकरणं बारा प्रकारच्या माणसांची कुळकथा म्हणून वाचू नका, पहिल्या भेटीत आपण काय काय पाहायला चुकतो याची यादी म्हणून वाचा. वृश्चिक प्रकरण वाचल्यावर, उत्तराआधी थांबणाऱ्या माणसाबद्दल घाईने मत बनवणं तुम्हाला जड जाईल, मग त्याचं लग्न कोणतंही असो. स्वतःच्या लग्नाचं प्रकरण सर्वांत शेवटी वाचा, कारण तिथे आपली पारख सर्वांत कच्ची असते. आणि लग्नाबरोबर त्याच्या समोरची सातवी रासही वाचा. पूर्वेला जी रास उगवत असते तिच्या बरोबर समोरची त्याच क्षणी पश्चिमेला मावळत असते, आणि सातवं घर परंपरेने जोडीदाराला, म्हणजे समोरच्या माणसाला दिलं आहे. कर्केसमोर मकर, कन्येसमोर मीन, मेषेसमोर तूळ. पहिल्या भेटीत पाहणाऱ्याचाही वाटा असतो, याचं भान या जुन्या रचनेत आहे. लेखिकेने प्रत्येक प्रकरणात ही जोडी लावून दाखवली आहे आणि ते भाग सावकाश वाचण्यासारखे आहेत.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कोरं पान सोडलेलं आहे. ते माझ्या आग्रहावरून आलं आणि लेखिकेने ते मनापासून स्वीकारलं. नवीन ओळख झाली की त्याच दिवशी त्या माणसाबद्दल चार ओळी त्या पानावर लिहाव्यात: काय पाहिलं, काय ऐकलं, काय वाटलं. तारीख घालावी. महिन्यांनी, ओळख वाढल्यावर, खाली आणखी चार ओळी लिहाव्यात. जन्मवेळ विचारायची ती त्यानंतर, आधी नाही. आणि लिहायला पेन्सिल घेऊ नये, शाईचं पेन घ्यावं, म्हणजे लग्न कळल्यावर जुन्या ओळी त्याला जुळवून घेण्याचा मोह झाला तरी त्या खोडता येणार नाहीत.